परक्या घरातले एक वर्ष

१९४० च्या जानेवारीत अमेरिकेतील पेन्सिल्वेनिया राज्यात, चेस्टर गावच्या गोदीत, जे एक मालवाहू जहाज पाण्यात उतरले, त्याच्या नशिबी पुढल्या सदतीस वर्षांत जितकी रूपांतरे आली तितकी फार थोड्या जहाजांच्या वाट्याला आली असतील. पुढल्याच वर्षी आरमाराने ते ताब्यात घेतले, त्याच्या पाठीवर सपाट धावपट्टी चढवून त्याची विमानवाहू युद्धनौका केली, ‘लाँग आयलंड’ असे नाव ठेवले. आणि १९४२ च्या ऑगस्टमध्ये ग्वादलकनाल बेटावरील तळासाठी निघालेली लढाऊ विमाने तिच्याच पाठीवरून उडाली. युद्ध संपल्यावर आरमाराला तिची गरज उरली नाही. मग तिच्यात बिछान्यांच्या रांगा बसवल्या गेल्या, उद्ध्वस्त युरोपातून नव्या मुलखाच्या शोधात निघालेल्या माणसांना ती ऑस्ट्रेलियाकडे वाहून नेऊ लागली, १९५३ साली तिला ‘सेव्हन सीज’ हे नवे नाव मिळाले, आणि पुढली कित्येक वर्षे ती अटलांटिक महासागरातून ये-जा करीत राहिली. या फेऱ्यांपैकी काहींमध्ये तिच्या कठड्याशी जे प्रवासी उभे असत ते सोळा-सतरा वर्षांचे होते, आईबापांपासून पहिल्यांदाच दूर निघाले होते, आणि ज्या देशात ते निघाले होते तेथील एका अनोळखी घरात पुढले वर्षभर मुलगा किंवा मुलगी म्हणून राहणार होते.

‘ग्रोटे बेअर’, ‘वॉटरमन’ आणि ‘झाउडरक्राउस’ या तीन डच जहाजांचा इतिहासही असाच आहे. युद्धकाळात सैन्याची ने-आण करण्यासाठी ती अमेरिकेत बांधली गेली. १९४७ साली नेदरलँड्स सरकारने ती विकत घेतली. त्यांनी आधी ईस्ट इंडीजकडे पलटणी नेल्या, मग देशत्याग करणारी कुटुंबे नेली, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत विद्यार्थी नेले. या जहाजांचा तपशील मी मुद्दाम देतो आहे. विद्यार्थी-विनिमयाची आजची बरीचशी व्यवस्था, तिचे अर्ज, तिची नियमावली, तिचे यजमान कुटुंब, ही युद्धाच्या मागे उरलेल्या सामग्रीतून उभी राहिली आहे, आणि तिचे जनक पंतोजी नव्हते, मुत्सद्दी नव्हते. ते रुग्णवाहिका हाकणारे लोक होते.

पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ए. पायट अँड्र्यू नावाचे एक अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रान्समध्ये दाखल झाले. हे गृहस्थ एके काळी हार्वर्ड विद्यापीठात शिकवीत असत, अमेरिकेच्या टांकसाळीचे प्रमुखही राहिले होते; पण फ्रान्समध्ये त्यांनी स्वखुशीने रुग्णवाहिका चालवण्याचे काम पत्करले. १९१५ च्या वसंतात त्यांनी फ्रेंच सेनेकडून परवाना मिळवला की, अमेरिकन स्वयंसेवकांच्या गाड्या पिछाडीच्या इस्पितळांपुरत्या न ठेवता थेट आघाडीवर जाऊ द्याव्यात. व्होज पर्वताच्या अरुंद वाटांवरून तोवर जखमी शिपाई खेचरांच्या पाठीवर लादून खाली आणले जात. तेथे फोर्ड कंपनीच्या हलक्या गाड्या चढू लागल्या. एका गाडीत तीन माणसे निजवता येत, किंवा चार बसवता येत. पुढे ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’, म्हणजेच एएफएस, या नावाने प्रसिद्धीस आलेल्या या दलात त्या युद्धात सुमारे अडीच हजार स्वयंसेवक सामील झाले. त्यांच्यातलेच एक स्टीव्हन गलाटी. अँड्र्यूंच्या पश्चात संस्थेची सूत्रे त्यांच्याकडे आली, आणि दुसरे महायुद्ध पेटताच त्यांनी तेच दल पुन्हा उभे केले.

या दुसऱ्या पर्वात आपलाही संबंध येतो. गलाटींचे स्वयंसेवक उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात होते, इटलीत होते, बर्गन-बेल्सनच्या छळछावणीतून जिवंत राहिलेल्यांना बाहेर काढणाऱ्यांत होते. आणि १९४४ साली ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर इंफाळच्या परिसरातही होते. इटलीत ज्या ब्रिटिश आठव्या सेनेच्या सेवेत या रुग्णवाहिका फिरत, त्याच सेनेत मराठा पलटणी लढत होत्या. रायगडच्या यशवंत घाडगे यांनी जुलै १९४४ मध्ये आणि नगरच्या नामदेव जाधव यांनी पुढल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तो याच मोहिमेत, आणि त्यांपैकी घाडगे ते पदक घेण्यास जिवंत राहिले नाहीत.

युद्ध संपल्यावर १९४६ साली हे स्वयंसेवक न्यूयॉर्कमध्ये एकत्र जमले. दल विसर्जित करून, चहापान आटोपून, घरोघर परतणे ही गोष्ट सर्वांत सोपी होती. त्यांनी ठरवले ते असे की, ज्या देशांतील जखमी माणसे आपण उचलली त्या देशांतील शाळकरी मुले आपल्या घरी आणावीत. पहिल्या तुकडीत, १९४७-४८ च्या शालेय वर्षात, ५२ मुले आली. अगदी थोडक्या काळात जर्मन मुलेही येऊ लागली. १९५१ साली मिशिगनमध्ये रेचल अँड्रेसन या बाईंनी जर्मन किशोरांना अमेरिकन घरांत ठेवण्याचा स्वतंत्र उपक्रम सुरू केला, तोच आज ‘यूथ फॉर अंडरस्टँडिंग’ म्हणून ओळखला जातो. युद्ध थांबून सहा वर्षे झाली होती. ज्या देशाविरुद्ध आपल्या गावची मुले लढली, त्यांतली कित्येक परतली नाहीत, त्या देशाच्या मुलासाठी जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची वाढवणाऱ्या त्या मिशिगनच्या गृहिणींविषयी मला जो आदर वाटतो तो मी येथे नोंदवून ठेवतो.

गलाटींनी महाविद्यालयीन तरुण न निवडता शाळकरी मुले निवडली यात फार मोठा विचार होता. बावीस वर्षांचा तरुण परदेशी गेला म्हणजे तो ग्रंथालयात जातो, वसतिगृहात राहतो, स्वदेशीयांची संगत शोधतो, आणि त्याची मते बहुधा निघण्यापूर्वीच ठरलेली असतात. दहा वर्षांचे मूल पुन्हा फारच लहान. सोळाव्या वर्षी मनुष्य घर सोडण्याइतका मोठा झालेला असतो, आणि दुसऱ्याच्या आईने ‘ताट उचलून ठेव’ म्हटले तर निमूटपणे उचलण्याइतका लहानही असतो. या वयातली शिस्त, लाज, हट्ट आणि भूक यांतूनच परके घर आपले होते. प्रौढ मनुष्य त्या घरी कितीही दिवस राहिला तरी पाहुणाच राहतो.

त्या काळातला हा प्रवास दीर्घ होता, आणि त्याचे दीर्घत्व निरर्थक नव्हते. आधी अर्ज, शाळेचा दाखला, वैद्यकीय तपासणी, मुलाखत. मग स्वतःविषयी लिहिलेले एक लांब पत्र, जे वाचून समुद्रापलीकडचे कोणते तरी कुटुंब ‘हा मुलगा आमच्याकडे येऊ द्या’ म्हणून कळवीत असे. मग ऑगस्टमध्ये आगगाडीने बंदर गाठायचे, आणि तेथून आठ-दहा दिवस जहाजावर. जहाजांवर वर्ग भरत. अमेरिकेतील शाळा कशी चालते, घरात कोणते काम मुलांनी करायचे असते, नाणी कशी ओळखायची, याची माहिती आधी जाऊन आलेले विद्यार्थी नवख्यांना देत. संध्याकाळी प्रत्येक देशाची गाणी होत. पण या दिवसांची खरी किंमत वर्गांत नव्हती. ग्रीसची मुलगी आणि नॉर्वेचा मुलगा एकाच कठड्याला धरून समुद्र लागल्याने हैराण होत, दोघांनाही घराची आठवण येत असे, आणि दोघांचेही इंग्रजी तितकेच तोकडे असे. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरेपर्यंत ते वेगवेगळ्या देशांचे रहिवासी न राहता एकाच तुकडीचे सोबती झालेले असत, आणि पुढील वर्षात दोनशे-तीनशे कोसांवरून एकमेकांना पत्रे पाठवून ते परस्परांना धीर देत.

धक्क्यावरून बसगाड्या निघत आणि मुलांची पांगापांग होई. एक ओहायोच्या शेतावर, एक टेक्ससच्या तेलक्षेत्रात, एक मिनेसोटाच्या बर्फात. कोणत्या गावी जायचे हे मुलाने ठरवायचे नाही, हा शिरस्ता आरंभापासूनचा. नियमही कडक: वर्षभर मोटार चालवायची नाही, रस्त्यावर हात दाखवून कुणाच्या गाडीत बसायचे नाही, आईवडिलांना भेटायला बोलवायचे नाही. रोटरी क्लबच्या विनिमयातही नियमांची भाषा निराळी असली तरी धोरण तेच आहे, फक्त तेथे मूल वर्षात बहुधा तीन-चार घरे बदलते. यजमान कुटुंबाला या पाहुणचाराचा मोबदला मिळत नाही; संस्था एक छदामही देत नाही. माझ्या मते साऱ्या योजनेचा कणा हाच आहे. ज्या दिवशी खोलीचे भाडे हिशेबात येईल त्या दिवशी मूल भाडेकरू होईल, त्याला कुणी रागावणार नाही, आणि ज्याला कुणी रागावत नाही त्याला त्या घराने स्वीकारलेले नसते.

पहिले काही आठवडे उत्साहात जातात. मग दिवाळीच्या सुमारास, म्हणजे त्यांच्याकडच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मन खचू लागते. दिवसभर परकी भाषा ऐकून डोके दुखते, वर्गातील विनोद कळत नाहीत, जेवणाला चव लागत नाही, घरची पत्रे वाचवत नाहीत. स्वेरे लिसगार या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहून परतलेल्या सुमारे दोनशे देशबांधवांच्या मुलाखती घेऊन १९५५ साली असे दाखवले की, सहा महिन्यांहून कमी राहिलेले आणि दीड वर्षाहून अधिक राहिलेले लोक त्या देशाशी चांगले जुळलेले आढळतात. अडचणीत असतात ते मधल्या मुदतीचे. त्याचे अभ्यासविषय प्रौढ होते आणि कुमारांच्या बाबतीत मुदतीचे आकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. परंतु आधी चढ, मग खोल उतार, मग पुन्हा चढ हा क्रम यजमान आयांना कोणत्याही समाजशास्त्राशिवाय ठाऊक असतो. आणि येथेच अल्पमुदतीच्या सहलींचे सारे वैगुण्य उघडे पडते. तीन आठवड्यांची सहल त्या पहिल्या चढावरच संपते. मुलगा आनंदात घरी येतो, त्याला तो देश फार आवडलेला असतो, आणि त्या देशाने त्याला अद्याप काहीच शिकवलेले नसते.

जूनमध्ये शाळेचे वर्ष संपे, झगे आणि चौकोनी टोप्या घालून पदवीदानाचा समारंभ होई, आणि मग या योजनेतील सर्वांत सुंदर भाग सुरू होई. निरनिराळ्या गावांत विखुरलेली मुले पुन्हा बसगाड्यांत बसत. एकेका गाडीत कित्येक देश. सुमारे तीन आठवडे या गाड्या गावोगाव मुक्काम करीत पूर्वेकडे सरकत, प्रत्येक मुक्कामी गावातील कुटुंबे दोन-दोन मुले घरी नेत, आणि अखेर साऱ्या गाड्या वॉशिंग्टनला येऊन मिळत. जॉन केनेडी अध्यक्ष असताना या मुलांशी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर बोलले होते. पण जे लोक या बसप्रवासात होते त्यांच्या आठवणी वाचाव्यात तर अध्यक्षांपेक्षा त्यांना बसमधले शेजारी अधिक आठवतात, आणि ज्या घरातून निघताना दुसऱ्या आईच्या गळ्यात पडून आपण रडलो ते घर अधिक आठवते. पुढे जग ज्यांना नावाने ओळखू लागले असेही काही त्यांत होते. स्वीडनचे यान एलियासन, जे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष झाले, ते याच वयात अमेरिकेतील एका घरी राहिले होते. क्रिस्तीन लागार्द १९७३-७४ मध्ये फ्रान्सहून मेरीलँडच्या एका शाळेत एएफएसच्याच शिष्यवृत्तीवर आल्या, तेव्हा त्यांचे वडील वारून फार काळ लोटला नव्हता.

मराठी वाचकाला मात्र या साऱ्या कथेत एक जुने, अधिक जवळचे नाव आठवल्यावाचून राहणार नाही. विनिमयाची पहिली तुकडी येण्यापूर्वी चौसष्ट वर्षे, एप्रिल १८८३ मध्ये, नुकतीच अठरा वर्षांची झालेली एक मराठी मुलगी कलकत्त्याहून जहाजात बसली आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरली. आनंदीबाई जोशी यांचे वैद्यकीय शिक्षण, १८८६ ची पदवी आणि पुढल्याच फेब्रुवारीत झालेला मृत्यू हे सर्वश्रुत आहे. फिलाडेल्फियाला कॉलेजात जाण्यापूर्वीचे त्यांचे महिने मात्र आपल्याकडे घाईने सांगितले जातात. न्यू जर्सीतील रोझेल गावी थिओडोसिया कार्पेंटर या बाईंच्या घरी त्या राहिल्या. कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना एका मिशनरी मासिकात जोशी दांपत्याविषयीचा मजकूर वाचला होता, आपण होऊन पत्र पाठवले होते, आणि दोन्हीकडच्या पत्रांतून आनंदीबाईंच्या त्या ‘मावशी’ झाल्या होत्या. ना कोणती संस्था मध्ये होती, ना करारनामा. त्या घराने नऊवारी लुगड्यातील, शाकाहारी, परधर्मीय मुलीला आपल्यात घेतले, आणि तिचा धर्म बदलावा असा आग्रह धरला नाही. पुण्यात आनंदीबाई गेल्यावर त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे कार्पेंटर घराण्याच्या दफनभूमीत त्या ठेवल्या गेल्या. आपल्या कुलाच्या जागेत परक्या मुलीला जागा देणे याहून दत्तकविधान निराळे ते काय असते!

परक्या घराची ही गोष्ट प्रत्येक वेळी सुखाची होत नाही, हेही सांगितले पाहिजे. जपानच्या नागोया शहरातील योशिहिरो हात्तोरी हा सोळा वर्षांचा मुलगा १९९२ च्या ऑगस्टमध्ये लुइझियानातील बॅटन रूज येथे एएफएसमार्फतच आला. १७ ऑक्टोबरच्या संध्याकाळी तो यजमान घरच्या मुलाबरोबर एका मेजवानीला निघाला असता ते चुकून भलत्याच घरी गेले. त्या घराच्या मालकाने बंदूक आणली, थांबण्याचा इशारा त्या मुलाला उमजला नाही, आणि गोळी लागून तो मरण पावला. फौजदारी खटल्यात घरमालक निर्दोष सुटला. जपानमध्ये केवढा क्षोभ उसळला असेल याची कल्पना करता येईल. मुलाच्या आईवडिलांनी अमेरिकेतील बंदुकांवर निर्बंध यावेत म्हणून सतरा लाखांच्या वर सह्या गोळा केल्या आणि १९९३ च्या नोव्हेंबरात त्या अध्यक्ष क्लिंटन यांच्या हाती दिल्या. इतके कुणीही समजू शकेल. परंतु त्यांनी आणखी एक गोष्ट केली. मुलाच्या नावे निधी उभारला, आणि त्यातून अमेरिकेतील शाळकरी मुलांनी जपानमध्ये येऊन तेथील घरी राहावे अशी तजवीज केली. ज्या देशात आपला मुलगा मारला गेला त्या देशाच्या मुलांना घरी बोलावणे, या कृत्याला साजेशी विशेषणे माझ्यापाशी नाहीत.

आज जहाजे गेली. ‘सेव्हन सीज’ १९६६ पासून काही वर्षे रॉटरडॅमला विद्यार्थ्यांचे वसतिगृह म्हणून बांधून ठेवले होते आणि १९७७ साली बेल्जियममध्ये मोडीत निघाले. आता मूल रात्री विमानात बसते आणि सकाळी परक्या घराच्या दारात उभे राहते. मधले ते आठ-दहा दिवस, ज्यांत मन थोडे थोडे सुटत जाई, ते नाहीसे झाले. त्याहून मोठा बदल दूरध्वनीने केला. घरचा आवाज आणि घरची चित्रे रोज संध्याकाळी हातात असली म्हणजे शरीर एका देशात आणि मन दुसऱ्या देशात राहते, आणि त्या मधल्या उतारातून जाण्याचे कष्ट कुमारवयीन मन साहजिकच टाळते. आईवडिलांना माझे सांगणे आहे की, पोराला पाठवले असेल तर त्याला जाऊ द्यावे. आठवड्यातून एकदा बोलणे पुरे.

आपल्याकडे पाठवण्याची हौस वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट. पुण्या-मुंबईच्याच काय, नाशिक-कोल्हापूर-सांगलीच्या घरांतूनही रोटरीमार्फत मुले ब्राझील, जर्मनी, फ्रान्सकडे जातात आणि देशोदेशीचे बिल्ले टोचलेला कोट अंगात घालून परततात. दहावी-बारावीच्या चक्रातून एक वर्ष बाजूला काढण्यास पुष्कळ पालक बिचकतात, आणि ही भीती सर्वस्वी निराधार नाही. परदेशातील वर्षाची गणती करण्याच्या बाबतीत आपली परीक्षा मंडळे अधिक उदार झाली पाहिजेत. पण खरी उणीव दुसरीकडे आहे. विनिमय या शब्दातच देवघेव आहे, आणि आपण देतो त्याच्या मानाने घेण्यास कचरतो. घर लहान आहे, स्नानगृह एकच आहे, आम्ही मांस शिजवीत नाही, आजी सोवळ्यात असतात, अशी कारणे पुढे येतात. ही सारी कारणे खरी असतात, आणि त्यांतले एकही पुरेसे नसते. रोझेलच्या कार्पेंटरबाईंपुढे यांहून अवघड प्रश्न होते.

शिवाय ही गोष्ट आपल्याला अपरिचित नाही. वार लावून जेवणारे विद्यार्थी पुण्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले; सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, अशी सात घरे फिरून कोकणातली आणि देशावरची गरीब मुले शिकली आणि त्यांतून विद्वान, न्यायाधीश, देशसेवक निपजले. त्या प्रथेत उणेपण होते. वारावर जेवणाऱ्या मुलाचे पान कोपऱ्यात मांडले जाई, त्याच्या ताटात काय पडावे याचा हिशेब होई, आणि जातीबाहेरच्या मुलासाठी ते दार उघडत नसे. ते उणेपण वजा करून जे उरते ते, म्हणजे दुसऱ्याचे मूल आपल्या पंगतीला बसवण्याची सवय, ती आपण गमावता कामा नये.

म्हणून ज्या कुटुंबांत पंधरा-सोळा वर्षांचे मूल आहे, आणि ज्यांतले मूल नोकरीसाठी दूर गेल्याने एक खोली रिकामी आहे, त्या दोघांनाही माझी विनंती आहे. आपल्या गावातील रोटरी मंडळाकडे अथवा एएफएसच्या भारतातील शाखेकडे यजमान कुटुंब म्हणून नाव नोंदवा. पुढल्या शालेय वर्षात येणाऱ्या मुलांसाठी घरे शोधण्याचे काम आधीच सुरू झालेले असते, आणि त्या मुलाला लागते फार थोडे: एक खाट, अभ्यासाला एक टेबल, आणि घरच्या मुलांना जेवढे बोलता तेवढेच त्यालाही बोलण्याची तयारी.